नाव नसलेले दुखणे : शीडामची संत लिदविना



१४ एप्रिल म्हटले की आपल्या सर्वांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती आठवते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच दिवशी ख्रिस्तसभा आणखी एका व्यक्तीचे स्मरण करते हे फार थोड्यांना ठाऊक असते. तिचे नाव संत लिदविना. हा दिवस कधी पवित्र सप्ताहात, कधी ईस्टरच्या सप्ताहात येतो, त्यामुळे मिस्सामध्ये तिचे नाव घेण्याची संधीही पुष्कळदा मिळत नाही. आम्हालाही ती सेमिनरीत कोणी शिकवली नव्हती. ती आमच्या वाट्याला आली एका आजारी स्त्रीमुळे, म्हणून आधी त्याविषयी दोन शब्द.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात सेवा करीत होतो. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघरी जाताना एका घरी चाळिशीच्या आतली एक भगिनी भेटत असे. ती अंथरुणाला खिळलेली नव्हती. स्वयंपाक करीत होती, मुलांना शाळेत सोडत होती. पण तिच्या दोन्ही पायांवर आणि हातांवर फोड उठत, फुटत, त्यांच्या जखमा होत, एक भरली की शेजारी दुसरी उघडे. हे तीन वर्षे चालले होते. रक्त तपासून झाले, साखर तपासून झाली, जखमेतला पू तपासून झाला, कातडीचा तुकडा काढून बायोप्सीही झाली. कुष्ठरोग नाही, क्षय नाही, मधुमेह नाही. प्रत्येक कागदावर काय नाही तेवढे लिहिलेले होते, काय आहे ते कोणी लिहीत नव्हते. एका डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन विचारले की ही स्वतःच खाजवून जखमा करीत नाही ना. प्रार्थनासभेतील कोणी सुचवले की मनात दडलेले एखादे पाप असेल, ते बोलून टाकावे. मे महिन्याच्या उकाड्यातही ती पूर्ण बाह्यांचा झगा घालून मिस्साला येई. पुढे बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहू लागली तेव्हा तिने येणेच सोडले.

आणि आम्ही? आम्ही तिला ईयोबाचे उदाहरण देऊन धीर धरायला सांगत होतो. खरे सांगायचे तर मनातून आम्हीही त्या डॉक्टरांच्याच बाजूचे होतो. एके दिवशी तिने शांतपणे आम्हाला सांगितले की ईयोब शेवटी बरा झाला, जो बरा झालाच नाही अशा कोणाचे नाव मला हवे आहे. त्या रात्री आम्ही संतचरित्रांची पुस्तके काढून बसलो आणि आम्हाला लिदविना सापडली.

हॉलंडमध्ये रॉटरडॅमच्या जवळ शीडाम नावाचे गाव आहे. तेथे १८ मार्च १३८० रोजी, झावळ्यांच्या रविवारी, लिदविनाचा जन्म झाला. वडील पीटर घराण्याने मोठे, पण पैशाने गरीब. ते गावात रात्रीचा पहारा देत. आई पेट्रोनेला ही शेजारच्या केथेल गावची साधी खेडूत बाई. नऊ मुलांत ही एकटी मुलगी. आई तिच्या हाती भावांसाठी जेवण देऊन त्यांच्या शाळेत पाठवी आणि परत येताना ही मुलगी चर्चमध्ये पवित्र मरियेच्या मूर्तीसमोर रेंगाळत बसे, मग उशिराबद्दल आईची बोलणी खाई. आपल्या प्रत्येकाच्या वाडीत अशी एखादी मुलगी असते. तिच्यात वेगळे काही होते असे त्या वेळी कोणाला वाटले नसावे.

ती रूपाने देखणी होती आणि लवकरच मागण्या येऊ लागल्या. तिला लग्न करायचे नव्हते. चरित्रकार सांगतात की आपले रूप जावे अशी प्रार्थना तिने केली आणि पुढचे दुखणे हे जणू त्या प्रार्थनेचे उत्तर होते. हा भाग आम्हाला अडखळवतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलीने घाबरून केलेली प्रार्थना देवाने अशा रीतीने पुरी करावी, असा देव आम्ही शुभवर्तमानात पाहिलेला नाही. दुखण्याला काही ना काही कारण जोडल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही, संतांचे चरित्र लिहिणाऱ्यांनाही नाही, एवढेच आम्ही येथे म्हणू आणि पुढे जाऊ.

१३९५ च्या हिवाळ्यात कालव्यांचे पाणी गोठले होते. लिदविना त्या वेळी पंधरा वर्षांची होती आणि नुकतीच एका आजारातून उठत होती. मैत्रिणी तिला बर्फावर स्केटिंगसाठी बोलवायला आल्या. खेळताना एक मैत्रीण वेगात येऊन तिच्यावर आदळली, ती बर्फाच्या कडांवर पडली आणि उजव्या बाजूची एक बरगडी मोडली. (याच प्रसंगाचे एक लाकडी ठशाचे चित्र १४९८ साली छापलेल्या तिच्या चरित्रात आहे. स्केटिंगच्या अगदी जुन्या चित्रांत त्याची गणना होते आणि स्केटिंग करणारे तिला आपली आश्रयदाती मानतात.)

बरगडी मोडणे ही काही मोठी गोष्ट नव्हे, महिना-दीड महिन्यात माणूस उठतो. लिदविना उठली नाही. मोडलेल्या जागी आत गळू झाले, ते फुटले, जखम चिघळली आणि भरायचे नावच घेईना. मग दुसरीकडे फोड आले. तिला उभे राहता येईना. काही काळ ती हातांवर आणि गुडघ्यांवर सरपटत घरात फिरे, पुढे तेही थांबले. वेदना जागा बदलत, आज दातांत, उद्या डोक्यात, परवा सर्वांगात. उजवा हात निकामी झाला. एका डोळ्याची दृष्टी गेली आणि दुसऱ्याला उजेड सहन होईना, म्हणून अंधाऱ्या खोलीत राहावे लागे. जखमांत किडे पडले. शेवटी शेवटी ती डोक्यापासून पायापर्यंत एकच जखम होती असे लिहून ठेवलेले आहे. पंधराव्या वर्षी सुरू झालेले हे सर्व त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, चालले.

वडिलांनी काय केले असेल याची आपण कल्पना करू शकतो. जो वैद्य कळला तो आणला, ज्याने जे मागितले ते दिले. त्या काळची वैद्यकी शरीरातील चार द्रवांच्या हिशेबावर चाले: रक्त, कफ, पिवळे पित्त, काळे पित्त. त्यांचा तोल बिघडला की रोग. तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ही मांडणी फार आकर्षक वाटली होती, कारण तिच्यात बसणार नाही असे दुखणेच नाही. प्रत्येक गोष्टीचे उत्तर तयार असते. तोच तिचा दोष होता. शीडामला आलेल्या वैद्यांपैकी बहुतेकांकडे उत्तर होते, फक्त प्रत्येकाचे वेगळे होते, आणि त्या उत्तराबरोबर येणारा खर्च मात्र सारखाच होता.

एकजण निराळा निघाला. हेगहून गॉडफ्रीड नावाचे वैद्य आले. ते हॉलंडच्या दरबारातील नामांकित वैद्य होते आणि गरिबांना पैसे न घेता तपासत. लोक त्यांना सोंडरडांक म्हणत, डच भाषेत त्याचा अर्थ होतो आभाराविना. त्यांनी लिदविनाला नीट तपासले आणि आईवडिलांना स्पष्ट सांगितले की हे दुखणे आपल्या विद्येच्या पलीकडचे आहे, मोठमोठे प्राचीन वैद्य आले असते तरी त्यांना ते बरे करता आले नसते, तेव्हा औषधांपायी घर विकू नका. आम्हाला वाटते, या घराला मिळालेली ती पहिली प्रामाणिक मदत होती. त्या माणसाने आपले अज्ञान त्या मुलीच्या माथी मारले नाही. मला कळत नाही म्हणजे तुला काही झालेलेच नाही, असे तो म्हणाला नाही.

जखमांसाठी जो उपाय होत असे तोही सांगण्यासारखा आहे. गव्हाचे ताजे पीठ, मध आणि खच्ची केलेल्या कोंबड्याची चरबी एकत्र मळून त्याचा लेप कापडावर पसरवून जखमेवर ठेवीत. किडे त्या लेपाकडे येत आणि कापडाबरोबर बाहेर काढता येत. ऐकायला किळसवाणे वाटेल, पण त्यात अगदीच अर्थ नव्हता असे नाही. मधाच्या पट्ट्या आजही काही रुग्णालयांत हट्टी जखमांवर वापरतात, आणि निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या अळ्या सोडून कुजलेले मांस साफ करण्याची पद्धतही आजच्या वैद्यकात आहे. (घरी कोणी यातील काही करू नये, ही विनंती.) त्या लेपाने लिदविना बरी झाली नाही. पण रोज कोणीतरी ती पट्टी बदलत होते, आणि जिला रोज कोणीतरी हात लावते ती माणसांत राहते.

आता आम्हा धर्मगुरूंकडे वळू. हा भाग लिहिताना आमची लेखणी जरा जड होते.

पहिली तीन-चार वर्षे लिदविना संत वगैरे मुळीच नव्हती. ती रडत असे, चिडत असे. खिडकीबाहेर मैत्रिणींचे हसणे ऐकू आले की तिला भडभडून येई. आपणच का, हा प्रश्न ती विचारत होती आणि कोणाचेही सांत्वन तिला लागू पडत नव्हते. यान पॉट नावाचे एक धर्मगुरू तिच्याकडे येऊ लागले. त्यांनी तिला प्रभू येशूच्या दुःखसहनावर मनन करायला सांगितले. तिने प्रयत्न केला आणि सांगून टाकले की त्यात तिला काहीच गोडी वाटत नाही, काही उपयोग होत नाही. फादर पॉट रागावले नाहीत. ते पुन्हा आले. पुन्हा तेच, पुन्हा नाही. असे खूप दिवस चालले. मग एकदा त्यांनी तिला ख्रिस्तप्रसाद आणून दिला आणि सांगितले की आजवर मी तुला प्रभूच्या दुःखाची आठवण करून देत होतो, आज तो स्वतःच तुझ्याकडे आला आहे. त्यानंतर ती दिवसचे दिवस रडत राहिली असे म्हणतात, पण ते रडणे पूर्वीचे नव्हते. पुढे तिने दिवसाचे तास वाटून घेतले आणि प्रभूच्या दुःखसहनाचा एकेक प्रसंग एकेका वेळेला बांधून टाकला. तिच्या जखमा होत्या तशाच राहिल्या.

दुसरे धर्मगुरू आंद्रिस. हे शीडामचे मुख्य धर्मगुरू, म्हणजे आमच्यासारखेच पॅरिश प्रीस्ट. त्यांचा लिदविनावर विश्वास नव्हता. लेपासाठी कोंबड्याची चरबी हवी म्हणून तिने त्यांच्याकडे मागणी केली, तेव्हा आपले कोंबडे रोड आहेत असे सांगून त्यांनी नकार दिला. (पुढे त्या कोंबड्यांचे काय झाले याचीही गोष्ट चरित्रकार सांगतात, ती आम्ही सोडून देतो.) ख्रिस्तप्रसाद ते तिला क्वचितच देत. गावात कुजबुज होतीच, की अशी जखमांनी भरलेली बाई जगते कशी, हे देवाचे नसेल, दुसऱ्याच कोणाचे असेल. तिला दर्शने होतात असेही लोक बोलत. आंद्रिस यांनी तिची परीक्षा घ्यायचे ठरवले आणि आशीर्वादित न केलेली साधी ओस्ती प्रभूचे शरीर म्हणून तिच्यापुढे धरली. तिने ती तत्काळ ओळखली व नाकारली. त्यावर त्यांनी तिच्या अंगात दुष्ट आत्मा असल्याचा बोभाटा केला. गावात मोठा गोंधळ उडाला, कारण तोवर पुष्कळ लोक तिला मानू लागले होते.

या प्रसंगावर प्रवचन देणारे सहसा लिदविनाने ओस्ती कशी ओळखली या चमत्कारावर बोलतात. आमचे लक्ष मात्र त्या धर्मगुरूवरून हटत नाही. तो दुष्ट होता असे आम्हाला वाटत नाही. फसवणूक होऊ नये ही काळजी घेणे हे त्याचे कामच होते, खोटी दर्शने आणि ढोंगे तेव्हाही कमी नव्हती. पण ज्या गोष्टीचा उलगडा होत नाही ती ढोंग तरी असेल किंवा सैतानाची तरी असेल, असे त्याने धरून टाकले. आम्हाला कळत नाही, या तिसऱ्या शक्यतेसाठी त्याच्या मनात जागा नव्हती. सोंडरडांक वैद्यांच्या मनात ती होती. धर्मगुरूकडे ती आधी असायला हवी, कारण त्याचे सारे आयुष्य एका रहस्यापुढे गुडघे टेकण्यात जाते. आम्ही हे दुसऱ्याविषयी लिहीत नाही, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

त्या काळात रोगाला आणखी एक ओझे असे, आणि ते आजही पुरते उतरलेले नाही. पोटाचे दुखणे, छातीचे दुखणे आत असते. त्वचेचे दुखणे समोरच्याच्या डोळ्यांपुढे असते, आणि ज्याला ते दिसते तो स्वतःला निवाडा करण्याचा अधिकारी समजतो. शीडामच्या गावकऱ्यांना ते इतके अवघड झाले की १२ सप्टेंबर १४२१ रोजी गावच्या कारभाऱ्यांनी लिदविनाची स्थिती आणि तिचे जवळजवळ अन्नावाचून जगणे खरे आहे अशा अर्थाचा दाखलाच लिहून दिला. अन्नावाचून जगण्याचा तो भाग कसा समजून घ्यावा हे आम्ही ज्याच्या त्याच्यावर सोडतो. आम्हाला दाखल्याचेच वाईट वाटते. दुखते आहे हे खरे, असा कागद एका आजारी बाईसाठी गावाला काढावा लागला.

आणि कागदाने तरी काय होते? १४२५ साली बर्गंडीच्या ड्यूक फिलिपचे लष्कर त्या भागात असताना काही सैनिक तिच्या खोलीत घुसले. दिवा आणून, पांघरूण ओढून त्यांनी तिचे सुजलेले अंग पाहिले, घाणेरडे शब्द वापरले आणि तिला जखमाही केल्या. तिची भाची पेट्रोनेला आडवी आली, तिला ढकलून दिल्याने तीही जायबंदी झाली आणि त्यानंतर फार काळ जगली नाही. तोवर लिदविनाला अंथरुणावर तीस वर्षे होत आली होती. अंगावरच्या जखमांपेक्षा या भाचीचे दुःख तिला अधिक झाले असे म्हणतात, आणि ते आम्हाला पूर्ण पटते.

या सर्व वर्षांत तिचे घर मात्र बंद नव्हते. अंधारी, ओलसर खोली, हिवाळ्यात गालावरचे अश्रू गोठत अशी थंडी, आणि तरीही माणसे येत. कोणी प्रार्थना मागायला, कोणी सल्ला मागायला, कोणी नुसते बसायला. तिच्याकडे आलेले पैसे ती गरिबांना वाटून टाकी. डाव्या हाताने जे करता येईल ते करी. हेन्ड्रिक मांडे या धार्मिक लेखकाने तिच्या सांत्वनासाठी डच भाषेत एक पुस्तिका लिहून पाठवली होती. तिच्या मृत्यूनंतर ज्यांनी तिची चरित्रे लिहिली त्यांत फ्रान्सिस्कन धर्मगुरू योहान्नेस ब्रुगमन आहेत, आणि ज्यांच्या नावावर ख्रिस्तानुकरण हे पुस्तक आहे ते थॉमस केम्पिसही आहेत.

आता आजच्या डॉक्टरांना काय वाटते? १९७९ साली मेडार या न्यूरॉलॉजिस्टने एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की लिदविनाला मल्टिपल स्क्लेरोसिस असावा. या रोगात शरीराचीच संरक्षक व्यवस्था मेंदू आणि मज्जारज्जूतील नसांच्या वेष्टणावर हल्ला करते. चालणे बिघडते, हात निकामी होतो, एका डोळ्याची दृष्टी जाते, कधी थोडे बरे वाटते, पुन्हा खालावते, आणि हे तरुण वयात सुरू होऊ शकते. लिदविनाच्या पुष्कळ लक्षणांशी हे जुळते. तसे असेल तर तिच्या चरित्रातील त्या प्रसिद्ध पडण्याकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागेल. सगळे म्हणत आले की ती पडली म्हणून आजारी पडली. पण ती तर आधीच आजारातून उठत होती. कदाचित रोग अगोदरच आत शिरला होता, आणि बरगडी मोडणे ही फक्त लोकांना दिसलेली पहिली गोष्ट. आधी घडले म्हणून ते कारण, ही चूक तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षी शिकवतात. एवढे शिकूनही आजाऱ्याच्या खाटेशी उभे राहिल्यावर ती आपल्या सगळ्यांकडून होते.

पण जखमांचे काय? मल्टिपल स्क्लेरोसिसने कातडीवर फोड येत नाहीत. हालचाल बंद झालेल्या माणसाला बेडसोर होतात हे खरे. ज्यांच्या घरी अंथरुणावर माणूस आहे त्यांना ठाऊक आहे की दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, चादरीची एक सुरकुतीही पुरते. गवताच्या बिछान्यावर, ओल्या खोलीत पडून राहिलेल्या बाईच्या पाठीला जखमा होणारच. मात्र पहिली गळवे तर दुखण्याच्या आरंभीच झाली होती, आणि जखमा फक्त पाठीला नव्हत्या. म्हणजे एक नाव मिळाले तरी काही उरतेच. सहाशे वर्षांनंतरही लिदविनाच्या जखमांपुढे कोणाला खात्रीने एक शब्द लिहिता आलेला नाही.

आमच्या त्या भगिनीला आम्ही हे सर्व सांगितले. तिने मल्टिपल स्क्लेरोसिसबद्दल काहीच विचारले नाही. अडतीस वर्षे तिच्या पट्ट्या कोण बदलत होते, एवढेच विचारले. आम्ही सांगितले, आधी आई, मग भाची, मग शेजारच्या बाया. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली की माझ्या पट्ट्या मी दार लावून स्वतःच बदलते, मुलांना दिसू नये म्हणून. तिला पुढे एक त्वचारोगतज्ज्ञ मिळाले. त्यांनीही आपल्याला अजून निदान होत नाही असे सांगितले, पण दर महिन्याला यायला सांगितले. ते प्रत्येक जखम पट्टीने मोजत, फोटो काढत, तारीख घालून ठेवत. तिच्या बोलण्यात आम्हाला पहिल्यांदा हलकेपणा जाणवला तो त्यांच्याबद्दल सांगताना. एका शुक्रवारी आम्ही ख्रिस्तप्रसाद दिल्यावर नेहमीप्रमाणे निघालो नाही. तिच्या नवऱ्याने कोमट पाण्याचे भांडे आणले आणि पट्टी कशी सोडायची ते तिने आम्हाला दाखवले. आमचे हात थरथरत होते, हे तिला दिसलेच. पुढच्या वर्षी आमची बदली झाली. जखमा तेव्हाही येत होत्या.

लिदविनाचा शेवट १४३३ च्या ईस्टरला जवळ आला. त्याआधी तिला दर्शनात एक गुलाबाचे झाड दिसले होते, ते पूर्ण फुलले की दुःख संपेल असे तिला कळले होते, आणि त्या वसंतात तिने ते फुललेले पाहिले. ईस्टरच्या सकाळी तिला प्रभू आपल्याला अभ्यंग करीत असल्याचे दर्शन झाले. मंगळवारी, १४ एप्रिलला, तिने सर्वांना बाहेर जायला सांगितले आणि फक्त आपल्या भावाच्या घरचा बाल्डविन नावाचा छोटा मुलगा जवळ ठेवला. वेदना फार वाढल्या. मुलगा घाबरून धर्मगुरूंना बोलवायला धावला. ते येईपर्यंत सर्व आटोपले होते.

पुढच्याच वर्षी, १४३४ साली, तिच्या कबरीवर चॅपेल उभे राहिले आणि यात्रा सुरू झाली. १६१५ साली तिचे अवशेष ब्रसेल्सला नेण्यात आले, १८७१ साली ते शीडामला परत आणले गेले. १४ मार्च १८९० रोजी पोप लिओ तेरावे यांनी चारशेहून अधिक वर्षे चालत आलेल्या तिच्या भक्तीवर ख्रिस्तसभेची मोहर उमटवली. दीर्घकाळ आजारी असणारे तिला आपली मध्यस्थ मानतात.

चरित्रकार लिहितात की धर्मगुरू आणि शेजारणी आत आल्या तेव्हा तिचे अंग स्वच्छ होते, एकही जखम दिसत नव्हती, बर्फावर पडण्याआधीची ती देखणी मुलगीच जणू तेथे निजली होती. त्या बायांनी त्या अंगावर वर्षानुवर्षे लेप लावले होते, कोणती जखम कोठे होती हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांनी नेहमीप्रमाणे पाणी आणले आणि तिला आंघोळ घातली.